बोटवाल्यांच्या घरची घागर

प्रिय रोशनी,

'प्रिय' लिहिलं म्हणून आईचा राग गेला असं समजू नकोस. राग आहे तिथंच आहे. मी फोन केला की तो तुझी ती मैत्रीण मोनाली उचलते आणि म्हणते, काकू, ती अंघोळीला गेली आहे. सकाळी अंघोळ, दुपारी अंघोळ, दिवे लागले की पुन्हा अंघोळ. ऐन वैशाखात धुळ्यात कुठल्या नळाला एवढं पाणी येतं ते मला एकदा येऊन बघायचं आहे. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. शेजारचा बादल उद्या धुळ्याला कामावर जाताना हे तुझ्या खोलीवर देईल. सोबतच्या डब्यात आखाजीच्या, तुमच्या कॅलेंडरातल्या अक्षय्य तृतीयेच्या, सांजोऱ्या आहेत. आधी पत्र वाच आणि मग डबा उघड असं लिहिणार होते, पण मी तुला ओळखते. तेव्हा खात खात वाच.

नेव्हीच्या ट्रेनिंगसाठी चिल्क्याला हजर व्हायचा निरोप तुझ्या मोबाइलवर आला त्या दिवशी मी जे बोलले ते मागे घेत नाही. या घरातलं आणखी एक माणूस मी जिवंत असताना समुद्रावर जाणार नाही, असं मी म्हणाले होते. तू सज्ञान आहेस, कायद्यानं तुला माझी परवानगी लागत नाही, हे तू मला दारातून ऐकवलंस आणि पिशवी उचलून निघालीस. पण बाळा, तुझी गाडी पुढच्या आठवड्यात जळगावहून सुटणार आहे, आणि तू अजून मोनालीच्या खोलीवर बसून माझा फोन न उचलण्याचं काम करते आहेस. ज्याला नुसतंच जायचं असतं तो असा थांबत नाही. तुला माझा होकार हवा आहे. तो देण्याआधी मला काही सांगायचं आहे, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

गाव आपल्या घराला 'बोटवाल्यांचं घर' म्हणतं त्याची तुला ऐट वाटते. मी धुळ्याहून सून होऊन आले तेव्हा मला मात्र हसू यायचं. समुद्र कुठल्या कुठे, इथं उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी टँकरमागं पळायचं, आणि या घरातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर नोकरी करणार! तुझे खापरपणजोबा शेतातून उठून कधी शिंदखेड्याच्या पुढे गेले नसतील. त्यांचे चिरंजीव वना आजोबा मात्र इंग्रजांच्या काळात धुळ्याला मिरच्या विकायला गेले आणि नेव्हीत नाव नोंदवून परत आले. भरतीच्या साहेबानं पोहता येतं का असं विचारलं, तर म्हणाले, तापीच्या पलीकडे बहीण दिली आहे, राखीला नदी भरलेली असते, तरी जावं लागतंच. वना आजोबांमागून त्यांचे चिरंजीव, आपले आबा, गेले आणि आबांमागून तुझे पप्पा. आबांना रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी अजून अंथरुणाची घडी अशी घालतात की तिच्या कडेवर बोट कापावं. माझ्या लग्नानंतर पहिल्याच सकाळी त्यांनी स्वयंपाकघरात येऊन भांड्यांच्या मांडणीची तपासणी केली होती. मी तेव्हाच तुझ्या पप्पांना विचारलं होतं, की मी घरात आले आहे की जहाजावर?

तुझ्या पप्पांबद्दल मी तुला फार सांगितलं नाही. तू विचारायचीस आणि मी काहीतरी काम काढायचे. आज सांगते. ते सुट्टीवर यायचे ते नेहमी दुपारच्या गाडीनं. नरडाण्याला उतरून मिळेल त्या वाहनानं गावात शिरायचे. आधी घरात नाही यायचे. ओट्यावरच्या माठातून पितळी पेला बुडवून, बूट न काढता, उन्हात उभ्यानं पाणी प्यायचे. एक पेला, मग दुसरा. बोटीवरच्या पाण्याला लोखंडाची चव येते म्हणायचे. माठावर पेला ठेवल्याचा खणकन आवाज आला की आम्ही समजायचो, आले. तुझी आजी पिठाच्या हातांनी बाहेर पळायची. मला पळायची लाज वाटायची, म्हणून मी आत चुलीपाशी उगाच फुंकर मारत बसायचे. चूल चांगली पेटलेली असायची.

तू रांगत होतीस त्या पावसाळ्यात ते गेले. समुद्र खवळलेला होता, डेकवर काहीतरी बांधायला ते आणि आणखी दोघं गेले, लाट आली, दोघं राहिले. एवढंच आम्हाला कळलं आणि त्याहून जास्त काही कळण्यासारखं होतं असं मला वाटत नाही. बोटीनं शोधलं, विमानानं शोधलं. मग एक दिवस गावात जीप आली. दोन साहेब आले होते, फार सभ्य माणसं. त्यांच्या हातात पप्पांच्या सामानाची पेटी होती. आबांनी त्यांना खुर्च्या दिल्या, वारा कुठून होता, पाणी कुठल्या बाजूला ओढत होतं, किती वेळानं बोट वळवली, असं सगळं शांतपणे विचारून घेतलं. साहेब गेल्यावर त्यांनी पेटी न उघडता माळ्यावर ठेवली, आणि सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाले, "जोलग मी डोयाघाई दखत नही, तोलग मना भटू जित्ता शे. त्यानी घागर भरानी नही." देह डोळ्यांना दिसेपर्यंत आखाजीची गेलेल्यांची घागर पप्पांच्या नावानं भरायची नाही, असं ठरवून ते गोठ्याकडे निघून गेले. त्यानंतर आबांना उलट विचारायची कुणाची छाती झाली नाही.

लोक म्हणाले पोराच्या दुःखानं म्हातारा फिरला. तसं नव्हतं. आबांच्या तरुणपणी त्यांच्या बोटीवर कोकणातला एक मित्र होता, तोही असाच लाटेबरोबर गेला होता. सगळ्यांनी आशा सोडली. काही महिन्यांनी तो परत आला, कुठल्याशा परदेशी गलबतानं त्याला उचललं होतं. त्याला घरी पोचवायला आबाच गेले होते. तर घरच्यांनी त्याचं दहावं-तेरावं उरकलेलं, बायकोला तिच्या भावाकडे पाठवलेलं. आईनं दार उघडलं नाही. ती आतूनच म्हणत राहिली, की तुझं सगळं केलं आहे, आता पुन्हा येऊ नको. तो अंगणात बसून राहिला. नंतर त्याला घरात घेतलं, बायकोही आली, पण आबा सांगतात की तो माणूस मरेपर्यंत आपल्याच घरात पाहुण्यासारखा वागला, पाणीसुद्धा मागून प्यायचा. आबांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं. आपल्या मुलाच्या तोंडावर आपण दार लावायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं. मला तेव्हा ते पटलं. खरं सांगायचं तर पटण्यापेक्षा बरं वाटलं. चोवीस वर्षांच्या बाईला कुणी सांगितलं की तुझा नवरा मेलेला नाही, तर ती कशाला वाद घालेल?

पण वर्षं गेली आणि मी कागदावर विधवा आणि घरात सवाशीण अशी दोन्हीकडे राहिले. हयातीचा दाखला द्यायला धुळ्याला बँकेत गेले की खिडकीतला माणूस माझ्या पेन्शनच्या कागदाकडे बघायचा आणि मग माझ्या गळ्यातल्या काळ्या मण्यांच्या पोतीकडे. गावातल्या बायका संक्रांतीला मला हळदी-कुंकवाला बोलवायच्या, आबांच्या धाकानं. पण माझ्या कपाळाशी त्यांचं बोट क्षणभर अडायचं. तो क्षण मी दरवर्षी पाहिला. मग मी अंगणवाडीत लागले, तुला वाढवलं, आणि त्या क्षणाकडे बघायचं सोडून दिलं. दुसरं लग्न कर म्हणून तुझ्या मामानं एकदाच विषय काढला होता. मी म्हणाले, कुणाची बायको म्हणून करू?

आखाजीला मात्र सुटका नसायची. एरवी वर्षभर झाकून ठेवता येतं, आखाजीला सगळं उंबरठ्यावर मांडावं लागतं. तू लहानपणापासून बघते आहेस. गावातलं प्रत्येक घर कुंभाराकडून नवी घागर आणतं, गेलेल्या माणसांच्या नावानं गोड पाणी भरतं, वर खरबूज, आंबा, सांजोरी ठेवतं. एवढ्या उन्हात आपली माणसं तहानलेली राहू नयेत म्हणून. घरचा कर्ता उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढतो आणि एकेक नाव घेतो. आबा बसायचे. वना आजोबांचं नाव, त्यांच्या आईचं नाव, लहानपणी गेलेल्या भावाचं नाव. मग त्यांचं बोट पुन्हा कुंकवात बुडायचं, आणि तसंच वर उचललेलं राहायचं. ते उंबरठ्याच्या पलीकडे बघत राहायचे. मग धोतराला बोट पुसून उठायचे. दर आखाजीला त्यांच्या धोतरावर तो लाल डाग असायचा, आणि तो मी धुवायचे.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते लिहिते. तू याला वेड म्हणशील, म्हण. पप्पा गेल्यानंतरच्या पहिल्याच वैशाखात, दुपारी, गल्लीतली सगळी दारं उन्हामुळे लावलेली असताना, ओट्यावर खणकन आवाज आला. मी पळत बाहेर गेले, या वेळी लाजले नाही. कुणी नव्हतं. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. माठावरचा पेला ओला होता आणि ओट्याच्या दगडावर पाणी सांडलेलं होतं, बघता बघता ते वाळलं. त्यानंतर असं होत राहिलं. रोज नाही, पण ऊन तापलं की व्हायचं. तुझ्या आजीला मी सांगितलं नव्हतं, तरी तिला माहीत होतं. एकदा आम्ही दोघी आत शेवया वळत बसलो होतो आणि आवाज आला. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "भटूच शे. खारा पानीमा पडेल शे तो. त्याले गोड पानी कोन दी?" आणि शेवया वळत राहिली.

तिनं आबांच्या किती मिनत्या केल्या ते मला माहीत आहे. भांडणं मी भिंतीआडून ऐकली आहेत. ती म्हणायची, पोरगा चहूकडून पाण्यात आहे आणि तहानेनं तडफडतो आहे, एक घागर भरा. आबा म्हणायचे, जिवंत माणसाची घागर भरली तर तो खरंच मरेल. तुझी आजी तशीच गेली. पुढच्या आखाजीला आबांनी तिच्या नावाची घागर भरली आणि उंबरठ्यावर तिच्या नावाचं बोट ओढलं. मला वाटलं आता पुढचं नाव येईल. नाही आलं. त्या दिवशी मला आबांचा इतका राग आला होता की मी जेवले नाही.

आणि तू मोठी होत होतीस. आबा तुला तापीवर पोहायला न्यायचे. बाजेच्या दोरीवर कसल्या कसल्या गाठी शिकवायचे आणि तू माझी वेणी त्याच गाठींनी बांधायचीस, सोडवता सोडवत नसे. वाऱ्याची दिशा, आकाशातले तारे, शिट्टीचे इशारे. मला वाटायचं आजोबा आहेत, नातीत जीव रमवत आहेत. पोरी घेतात म्हणे आता नेव्हीत, असं तेच पहिल्यांदा बोलले. अमळनेरला फॉर्म भरायला तेच तुझ्याबरोबर आले. तू पास झालीस तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले आणि कधी नव्हे ते हसले. मी मनाशी म्हटलं, घराण्याची परंपरा, म्हाताऱ्याला अभिमान आहे. मला भीती वाटत होती, पण त्या अभिमानाचा मला हेवाही वाटत होता.

तू पिशवी घेऊन गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी अंगणवाडी लवकर सुटली. मी गल्लीच्या तोंडाशी आले तर आपल्या ओट्यावर आबा उभे होते. डोक्याला काही नाही, एवढ्या उन्हात. हातात तो पितळी पेला. पाणी ओट्याच्या दगडावर हळूहळू ओतत होते, धार तुटू न देता, बाळाला पाजावं तसं. मी भिंतीच्या सावलीला थांबले. ते बोलत होते. "पी बेटा, पी. आते पोर येई राह्यनी तिकडे. ती तुले बराबर दखी लेई." मग पेला माठावर ठेवला, खणकन, आणि बाजूच्या बोळातून गोठ्याच्या दारानं आत गेले.

इतकी वर्षं मी ज्या आवाजाला पळत बाहेर यायचे, तो आबांचा होता. ज्या माणसानं घरात घागर भरू दिली नाही, तो सगळ्यांची नजर चुकवून दुपारच्या उन्हात पोराला पाणी पाजत होता. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. जित्या माणसाला कुणी दगडावर पाणी ओतून देत नाही. पण मला त्यांची दया आली नाही, रोशनी. मला त्यांचं दुसरं वाक्य ऐकू आलं होतं. ते तुला नोकरीला पाठवत नव्हते. त्यांचे डोळे आता पोचत नाहीत, पायही पोचत नाहीत, म्हणून ते तुझे डोळे पाठवत होते. पोहणं, तारे, वारा, सगळं त्यासाठी. तू जन्मभर त्या पाण्यात एका माणसाला शोधत राहणार होतीस, आणि तुला ते कळलंही नसतं. की तुला कळलं होतं? लहानपणी तू मला विचारलं होतंस, समुद्रात माणूस किती दिवस पोहू शकतो. मी तुला रागावले होते, आठवतं?

मी आत गेले आणि आबांसमोर बसले. या घरात आल्यापासून मी त्यांच्यासमोर कधी अशी बसले नव्हते. मी म्हणाले, आबा, मी सगळं ऐकलं. ते बाजेची दोरी ताणायला लागले. मी म्हणाले, तुमचा मुलगा जिवंत असेल तर तो स्वतः येईल, त्याला घर माहीत आहे. आणि मेला असेल तर त्याला शोधायला माझी मुलगी जाणार नाही. मी तुमच्यासाठी माझं सगळं आयुष्य सवाशीण म्हणून काढलं, त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाही. पण तिचं आयुष्य देणार नाही. आखाजीला त्यांची घागर भरा, नाहीतर ती जाणार नाही, मग तिनं मला आयुष्यभर शिव्या दिल्या तरी चालेल. मग आबांनी विचारलं, जेवायला काय केलं आहे. मी भाकरी वाढली. ते जेवले नाहीत.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी कुंभाराकडून एक घागर जास्तीची आणली. त्यानं मोजून दिल्या आणि माझ्याकडे बघितलं, विचारलं काही नाही. सकाळी आबा अंघोळ करून उंबरठ्याशी बसले. सगळी नावं झाली, तुझ्या आजीचंही झालं. बोट पुन्हा कुंकवात बुडालं आणि वर अडलं. मी त्यांच्या शेजारी बसले होते. मी म्हणाले, आबा, नाव घ्या. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मना तोंडमा नाव येत नही, बेटा. तू ले."

नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. उखाण्यात घेतलं तेवढंच, लग्नात, आणि तेव्हा सगळे हसले होते. बँकेतल्या खिडकीवरही मी कागद पुढे करायचे, तोंडानं सांगायचे नाही. त्या उंबरठ्याशी बसून मी मोठ्यानं म्हणाले, भटू रुपचंद पाटील. गल्लीला ऐकू गेलं असेल. आबांचं बोट खाली आलं. रेघ वाकडी आली, पण आली. मग त्यांनी स्वतः घागर भरली, पाणी थोडं हातावर घेऊन चाखून बघितलं, आणि वर खरबूज ठेवलं. निखाऱ्यावर नैवेद्याची आगारी टाकली तेव्हा धूर डोळ्यांत गेला म्हणाले. मी रडले. मी खूप रडले, रोशनी, वीस वर्षांचं एकदम. आबा माझ्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले. नंतर मी कुंकू पुसलं नाही, आणि पोतही काढली नाही. ती काढायची की ठेवायची, कधी काढायची, हे आता मी ठरवीन. त्यात गावाचा संबंध नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं होतंय, पण लिहिते, कारण तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे. त्या दिवशी जेवणं झाल्यावर आबा आत बाजेवर झोपले होते. त्यांना इतकी गाढ झोप लागलेली मी कधी पाहिली नव्हती, तोंड उघडं, घोरत होते. मी त्यांच्या पायाशी बसून गहू निवडत होते. बाहेर गल्लीतली दारं लावलेली. आणि ओट्यावर पेला वाजला. माझा हात सुपात थांबला. आबा माझ्यासमोर झोपलेले होते. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. मी उठले नाही. दाराकडे बघितलंही नाही. मला भीती वाटली नाही, तुझी शपथ. मी हळूच गहू निवडायला लागले, पिणाऱ्याला घाई होऊ नये म्हणून.

जा, रोशनी. हेच लिहायचं होतं, पण नुसतं जा म्हटलं असतं तर तू आबांची म्हणून गेली असतीस, आणि मला तुला तुझी म्हणून पाठवायचं आहे. आबांनी तुझ्यासाठी तापीच्या पाण्याची बाटली भरून ठेवली होती, समुद्रात ओतायला. ती मी त्यांच्यादेखत पारिजातकाला घातली. ते रागावले नाहीत. मी तुला गाडीत बसवायला जळगावला येते आहे, आबाही येणार म्हणतात, आता तरी फोन उचल. तुझ्या पिशवीत फक्त तुझं सामान असू दे. बोटीवर गेलीस की काम शीक, मैत्रिणी कर, वेळेवर जेव, आवडलं नाही तर परत ये, आवडलं तर तुझ्या पणजोबांपेक्षा मोठी हो. पण मला एक वचन दे. डेकवर उभी राहशील तेव्हा लाटांमध्ये कुणाला शोधू नकोस. कुणी हाक मारल्यासारखं वाटलं, एखादं डोकं वर आल्यासारखं दिसलं, तरी वाकू नकोस, कठड्याला हात घट्ट धर आणि आपल्या कामाकडे बघ. तुझे पप्पा तिथं नाहीत. त्यांना मी नाव घेऊन घरी आणलं आहे.

तुझीच,
आई